भ्रम नेमका कोणाला झाला आहे?

‘तुम्हाला सगळीकडे जातच दिसते.’ हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकले नाही, असा शिकलासवरलेला माणूस आपल्या समाजात शोधून सापडणार नाही. कचेरीत, कॉलेजात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कोर्टाच्या बाररूममध्येसुद्धा हे वाक्य ऐकू येते. आणि ते रागाने बोलले जात नाही. खांद्यावर हात ठेवून, जणू काही आपल्या भल्यासाठी म्हणून बोलले जाते. पहिल्यांदा ऐकले की संताप येतो. पाचव्यांदा ऐकले की माणूस गप्प बसतो. पंधराव्यांदा ऐकले की रात्री झोप लागत नाही आणि तो स्वतःलाच विचारू लागतो, ‘खरेच का आपल्या डोक्यात काही बिघाड झाला आहे?’ आम्ही वकिली करतो. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी अनेकजण अन्यायाची तक्रार घेऊन येत नाहीत. ते हा प्रश्न घेऊन येतात.

इंग्रजीत यासाठी आता ‘गॅसलाइटिंग’ असा शब्द रूढ झाला आहे. १९३८ साली लंडनमध्ये आलेल्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून तो आला. १९४४ साली त्यावर निघालेल्या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले. कथा साधी आहे. नवरा वरच्या मजल्यावर लपूनछपून दागिने शोधत असतो, तिथला दिवा लावला की खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो. बायको म्हणते दिवा मंद झाला, नवरा म्हणतो तुला भास होतो. वस्तू तोच लपवतो आणि तूच हरवलीस म्हणून तिला सांगतो. शेवटी ती बाई स्वतःला वेडी समजू लागते. त्या नाटकात एक नवरा आणि एक बायको आहे. आमच्या देशात हा प्रयोग संपूर्ण समाजावर चालू आहे, आणि दिवा मंद झालेला आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

२४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला. दिल्लीच्या आयआयटीत २०२३ साली दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला होता. जातीवरून छळ झाला असे पालकांचे म्हणणे होते. पोलिसांनी मात्र साधा एफआयआरसुद्धा नोंदवला नाही. अभ्यासात मागे पडल्यामुळे मुले नैराश्यात होती, असे सांगून विषय मिटवला. न्यायालयाने एफआयआर नोंदवायला लावला आणि उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी जुलै महिन्यात आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे स्पष्ट केले. या दोन्ही निर्णयांचे आम्ही स्वागत करतो. पण स्वागत करताना एक धोका डोळ्यांआड करता येत नाही. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द जितका औषध म्हणून वापरता येतो, तितकाच तो झाकण म्हणूनही वापरता येतो.

रोहित वेमुलाचे प्रकरण आठवा. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात तो गेला. त्याआधी त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना हॉस्टेलमधून बाहेर काढण्यात आले होते. ते उघड्यावर झोपत होते. हे सगळ्या जगाने पाहिले. मग चौकशी आयोग नेमला गेला आणि आयोग म्हणाला की वैयक्तिक वैफल्यातून हे घडले, भेदभावाचा संबंध नाही. पुढे २०२४ साली तेलंगणा पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, त्यात तर तो अनुसूचित जातीचाच नव्हता आणि आपली खरी जात उघड होईल या भीतीत तो होता, असे म्हटले. ओरड झाल्यावर पुढील तपासाची घोषणा करावी लागली. म्हणजे पहा, आधी सांगायचे की जात नव्हती, मग सांगायचे की जात होती पण ती वेगळी होती, आणि दोन्ही वेळा दोष मृताच्या मनाला द्यायचा. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न कॉलेजात शिकणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली, तेव्हाही कामाच्या ताणाची चर्चा सुरू करण्यात आलीच. ताण होता हे खरे. ताण कोणी दिला, हा खरा प्रश्न आहे.

सगळ्यात मोठी जखम मात्र खैरलांजीची आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात भैय्यालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार मारले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, त्यात सहा जणांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही असे ठरवले. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला आणि हा जातीचा नव्हे, सूडाचा प्रकार आहे ही भूमिका कायम ठेवली. आम्ही त्या वेळी वकिलीत नवे होतो. निकाल वाचून आम्हाला फाशी रद्द झाल्याचे दुःख झाले नाही. फाशीच्या शिक्षेबद्दल आमचे मत वेगळे आहे. आम्हाला धक्का बसला तो याचा, की सबंध महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाने जे डोळ्यांनी पाहिले, ते तुम्ही पाहिलेच नाही असे त्याला सांगण्यात आले. भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी वारले, तेव्हाही त्यांच्या कुटुंबाचा खून जातीमुळे झाला हे कायद्याच्या कागदावर लागलेले नव्हते.

कायद्याचा मुद्दा इथे समजून घेतला पाहिजे, कारण आमचे बरेच कार्यकर्ते भाषणात तो सोडून देतात. १९८९ च्या कायद्यातील कलम ३(२)(पाच) मध्ये गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ केला असला पाहिजे अशी अट होती. आता आरोपीच्या मनातले कारण सिद्ध कसे करायचे? आरोपीचे वकील म्हणणार, भांडण जमिनीचे होते. न्यायालय म्हणणार, मग जात कुठे आली? जणू काही या देशात जमिनीचे भांडण आणि जात या दोन वेगवेगळ्या गावच्या गोष्टी आहेत! २०१५ च्या दुरुस्तीने ही अट बदलली. २६ जानेवारी २०१६ पासून आरोपीला पीडिताची जात ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरले. शिवाय कलम ८ मध्ये नवी तरतूद आली, की आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरेल. २०२१ साली पाटण जमाल वली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले की जातीशिवाय दुसरे कारण असले म्हणून जातीचे कारण नाहीसे होत नाही. (त्या खटल्यात पुराव्याअभावी या कायद्याखालची शिक्षा मात्र टिकली नाही.) या सगळ्याचा साध्या मराठीत अर्थ असा की, आम्ही जे ‘दिसते’ म्हणत होतो ते दिसण्यासारखेच होते. कायद्याचा चष्मा सदोष होता. तो बदलायला २६ वर्षे लागली.

हे आमच्याच वाट्याला आले असे कोणी समजू नये. अमेरिकेत १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा रोग शोधून काढला. गुलाम मालकाकडून पळून जातो तो या रोगामुळे, असे त्याचे म्हणणे! त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे भारदस्त नावही दिले. स्वातंत्र्याची इच्छा हाच वेडेपणा. आपण हसतो, पण १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी, दोन मनोविकारतज्ज्ञांनी नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ‘निषेधाचा मनोविकार’ अशा अर्थाचे नाव देऊन लेख लिहिला आणि काळ्या माणसांच्या चळवळीतील भाषा व त्यांच्यातील स्किझोफ्रेनिया यांचा संबंध जोडला. १९७४ साली एका औषधाच्या जाहिरातीत मूठ उगारलेला संतप्त काळा माणूस छापला गेला. जोनाथन मेट्झल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने मिशिगनमधील एका मनोरुग्णालयाची जुनी कागदपत्रे तपासून २०१० साली यावर पुस्तकच लिहिले. त्या काळात स्किझोफ्रेनिया हा आजार हळूहळू काळ्या पुरुषांचा आजार कसा बनवला गेला, ते त्यात आहे.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिले आहे की, एखाद्याची सामाजिक वा राजकीय स्थिती, त्याचा समूह, किंवा समाजात रूढ असलेल्या नैतिक, राजकीय, धार्मिक समजुतींशी त्याचे न पटणे, या आधारावर त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने हे कलम तोंडपाठ करावे. साहेब ‘जरा डॉक्टरला दाखवून घ्या’ असे म्हणाले, तर हे कलम दाखवावे.

इथपर्यंत वाचून अनेकांनी मान डोलावली असेल. आता जे लिहायचे आहे ते वाचून काहींना राग येईल. पण आम्ही ते लिहिणार आहोत.

चळवळीत आपण एकमेकांना ज्या सहजतेने ‘दलाल’, ‘एजंट’, ‘संघाचा माणूस’ म्हणतो, ती सहजता आम्हाला भयंकर वाटते. ज्याने सभेला उशिरा येण्याचे कारण सांगितले नाही तो फुटला, ज्याने दुसऱ्या गटाच्या लग्नाला हजेरी लावली तो विकला गेला! पुरावा विचारला तर, ‘पुरावा कशाला पाहिजे, आम्हाला कळते.’ शत्रूकडून कारस्थाने होत नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एल्गार परिषद प्रकरणात एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या गेल्या होत्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली दिला. तेव्हा संशय निराधार नाही. पण संशय हेच शत्रूचे सर्वात स्वस्त हत्यार असते, हेही इतिहासाने दाखवले आहे.

आपल्या दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्या नावावरून नाव घेतले, त्या अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे काय झाले ते पहा. तिथल्या एफबीआय या तपास यंत्रणेने १९५६ पासून ‘कोइन्टेलप्रो’ नावाची गुप्त मोहीम चालवली आणि १९६७ पासून ती काळ्यांच्या संघटनांकडे वळवली. खोटी पत्रे, निनावी फोन, बनावट व्यंगचित्रे. एका संघटनेच्या नावाने दुसरीला शिव्या लिहायच्या. चांगल्या कार्यकर्त्याबद्दल तो खबऱ्या आहे अशी कंडी पिकवायची. १९६४ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना जीव देण्यास सुचवणारे निनावी पत्र याच यंत्रणेने पाठवले. पँथरचे दोन मोठे नेते, कॅलिफोर्नियात ह्यूए न्यूटन आणि अल्जीरियात आश्रयाला असलेले एल्ड्रिज क्लीव्हर, यांच्यात बनावट पत्रांनी इतके विष कालवले की १९७१ साली पक्ष दुभंगला. शिकागोत २१ वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तेव्हा त्याच्या घराचा नकाशा पोलिसांपर्यंत पोचवणारा त्याच्याच संरक्षण पथकातला माणूस होता.

८ मार्च १९७१ रोजी पेनसिल्व्हेनियातील मीडिया नावाच्या गावी काही सामान्य नागरिकांनी एफबीआयचे कार्यालय फोडून फायली पळवल्या, तेव्हा हे उघडकीला आले. पुढे सिनेटच्या चर्च समितीने १९७५-७६ मध्ये सगळे तपशील बाहेर काढले. त्या फायलींतून दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. आपल्यावर पाळत आहे असे म्हणणारे वेडे नव्हते, हे एक. आणि पाळत ठेवणाऱ्यांना नेमके हेच हवे होते की कार्यकर्त्यांनी सतत मागे वळून पाहावे, शेजारच्यावर विश्वास ठेवू नये, हे दुसरे. मानसिक छळाचा खरा उद्देश माणसाला खोटे पटवणे हा नसतो. खरे आणि खोटे यांतला फरक करण्याची त्याची ताकद संपवणे, हा असतो. आपल्या दलित पँथरमध्ये १९७४ साली जी फूट पडली, ती वैचारिक होती म्हणून आपण सांगतो आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या काळातील आरोप-प्रत्यारोपांची पत्रके वाचली, तर विचार किती आणि संशय किती हे ज्याने त्याने ठरवावे.

आणखी एक बाजू आहे, ती तर आपण बोलतच नाही. आजार खराही असतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे दोन पिशव्या भरून कागद घेऊन आले. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, मानवी हक्क आयोग, राष्ट्रपती, सगळ्यांना केलेले अर्ज. शेजारी मोबाईल टॉवरमधून आपल्या डोक्यात किरण सोडतात, वाहिन्यांवरचे निवेदक आपले नाव न घेता आपल्याविषयीच बोलतात, अशा तक्रारी. जातीचा छळ त्यांनी नोकरीत खरोखर सोसला होता. त्याचे कागदही त्या पिशवीत होते, आणि ते अस्सल होते. खऱ्या छळाच्या कागदांवर भ्रमाचे कागद चढले होते. आम्ही त्यांना ‘तुम्ही म्हणता ते खोटे आहे’ असे म्हटले नाही. ‘झोप किती लागते?’ एवढेच विचारले. तीन आठवडे नीट झोप नव्हती. घरच्यांनी बाहेरची बाधा समजून एका भगताकडे नेले होते. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आणि तथागतांची मूर्ती, त्या घरातून माणूस अंगारा लावायला जातो! भूत उतरवण्याच्या नावाने बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ ने हक्क आहे. आम्ही त्यांच्या मुलाला बरोबर घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. औषधे सुरू झाली. काही महिन्यांनी ते पुन्हा आले, एकच पातळ फाईल घेऊन. त्यात फक्त नोकरीतले कागद होते. टॉवरचे कागद त्यांनी स्वतःच बाजूला काढले होते.

मग आपले मन खरे सांगते की खोटे, हे ओळखायचे कसे? यासाठी आम्हाला बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या पुस्तकाइतके उपयुक्त दुसरे काही सापडलेले नाही. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव घरच्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर वडिलांचा पत्ता नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळताच मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे या अटीवर. रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेब हे सगळे एखाद्या साक्षीदाराने जबानी द्यावी तसे सांगतात. कोण, कुठे, काय बोलले. आणि मग वडील स्टेशनवर का आले नाहीत, तेही सांगतात. पत्र नोकराच्या हाती पडले होते, पण त्याने ते वडिलांना दिलेच नाही. इथे जातीचा संबंध नव्हता, म्हणून बाबासाहेबांनी तो जोडला नाही. जिथे जात होती तिथे जात लिहिली, जिथे विसराळूपणा होता तिथे विसराळूपणा. ज्या माणसाने एवढे सोसले त्याच्या लेखणीचा हा प्रामाणिकपणा आहे, म्हणूनच त्यांची साक्ष शंभर वर्षांनंतरही कोणाला खोडता येत नाही.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जे सांगितले, तेही हेच आहे. आपल्या विहारांतले वक्ते कालाम सुत्ताचा अर्धाच भाग सांगतात, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका. पण त्याच यादीत आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणूनही मानू नका, आणि हा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, असे आहे. भगताचा अंगारा या यादीत बसतो, तसेच आपल्या गटाच्या नेत्याने पिकवलेली कंडीही बसते.

दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीत नोकरी करणारी एक मुलगी आमच्याकडे आली. दर वाक्याच्या शेवटी ‘की मलाच तसे वाटते, दादा?’ असे विचारत होती. आम्ही तिला तक्रार लिहून दिली नाही. शंभर पानी वही आणायला सांगितली. तारीख, वेळ, जागा, शब्द, हजर माणसे, एवढेच लिहायचे. ‘वाटले’ हा शब्द लिहायचा नाही. त्याच दिवशी लिहायचे. तीन महिन्यांनी ती वही घेऊन आली, तेव्हा २३ नोंदी होत्या. आम्ही एकेक वाचत गेलो. सहा नोंदींवर तिने स्वतःच काट मारली होती. टेबल खिडकीपासून हलवले, ते सगळ्यांचेच हलवले होते, रंगकाम होते. एका बैठकीला बोलावले नाही, कारण यादी जुनी होती, आणखी दोघांनाही बोलावले नव्हते. उरलेल्या १७ नोंदींत पाण्याचा वेगळा ग्लास होता, आडनावावरून केलेले विनोद होते, गोपनीय अहवालातला शेरा होता, आणि बहुतेक ठिकाणी हजर असलेल्यांची नावे होती. त्या वहीवरून कार्यालयाच्या संपर्क अधिकाऱ्याकडे तक्रार गेली. चौकशी समिती बसली आहे, अहवाल यायचा आहे. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून तेच जुने वाक्य ऐकवले, की तुला सगळीकडे जातच दिसते. ‘सगळीकडे नाही सर, १७ ठिकाणी,’ ती म्हणाली. आणि बाहेर येऊन अठरावी नोंद केली.